शस्त्र : हक्क की कर्तव्य?

(विजयादशमीनिमित्त लालबाग-परळ परिसरातील एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



नुकताच दसरा झाला. या परिसरात ज्यांची हयात गेली त्यांना जुनी खंडेनवमी आठवत असेल. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या दिवशी साचे धुऊन-पुसून लख्ख केले जात, त्यांना झेंडूच्या माळा चढत आणि खात्याखात्यांतून प्रसाद वाटला जाई. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. आमच्या मजल्यावर एका पाटावर शिंपीकाकांची कात्री, सुताराची करवत, घराघरांतल्या विळ्या आणि आम्हा मुलांच्या पाट्या-पुस्तके मांडून पूजा होत असे. बंदूक नव्हती. ती कोणाकडेच नव्हती. पण पूजेला शस्त्र कमी पडले, असे कधी कोणाला वाटले नाही. ज्याच्या हाती जे साधन, तेच त्याचे शस्त्र, अशी ती सरळ समजूत होती.

हे आज आठवण्याचे कारण असे की, गेल्या आठवड्यात आमच्या ओळखीतला एक तरुण मला भेटायला आला. दादरला राहतो, चांगली नोकरी आहे, नुकतेच लग्न झाले आहे, संध्याकाळी मैदानावर मुलांना खेळ शिकवतो. बोलता बोलता म्हणाला, "काका, पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करावा म्हणतो. दिवस वाईट आहेत. पोलीस येईपर्यंत सगळे आटोपलेले असते. आपले रक्षण आपणच करायला नको का?" त्याला जे उत्तर दिले तेच आज विस्ताराने आपल्यासमोर मांडणार आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. या सभागृहातल्या अनेकांच्या मनात तो कधी ना कधी येऊन गेला असेल.

प्रश्न चुकीचा नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी शस्त्राच्या विरोधात बोलायला उभा नाही. ज्या समाजाने आत्मरक्षणाची इच्छाच सोडली, त्याची काय अवस्था होते हे इतिहासाने आपल्याला पुरेसे शिकवले आहे. कायदाही आपल्याला मार खात बसा असे सांगत नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य केलेला आहे. तो केवळ स्वतःच्या शरीराच्या रक्षणापुरता नाही, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे. प्रसंगी हल्लेखोराचा प्राण गेला तरी कायदा संरक्षण देतो. मर्यादा एवढीच की गरजेपेक्षा अधिक इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर ती घ्यायची.

तेव्हा त्या तरुणाचा प्रश्न भित्रेपणाचा नाही आणि गुंडगिरीचाही नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाब आणि अबू इस्माईल माणसे टिपत फिरत होते. तेथे पन्नासहून अधिक निरपराध माणसे मेली. सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तछायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून त्या वेळी टिपलेले कसाबचे छायाचित्र जगभर गेले. जवळपास शस्त्रधारी पोलीस होते, पण ते गोळी झाडत नव्हते, हे त्याने नंतर सांगितले. हातात कॅमेऱ्याऐवजी बंदूक असती तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उद्गारही त्याने काढले. माझ्याच व्यवसायातल्या माणसाचे ते उद्गार वाचून माझ्या काळजात चर्र झाले होते. अमेरिकेतल्या बंदूकसमर्थकांनी तर हाच दाखला उचलून धरला : पाहा, नागरिक निःशस्त्र असले की काय होते ते!

म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. त्याचा मुळापासून विचार करावा लागेल.

गुलामीतला कायदा आणि स्वातंत्र्यातला निर्णय

या देशातला शस्त्रबंदीचा कायदा इंग्रजांनी आणला. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली शस्त्र अधिनियम झाला. त्यातली अपमानास्पद गोष्ट अशी की, युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांना त्यातून सूट होती. ज्याची भूमी त्याने निःशस्त्र राहायचे आणि परक्याने कमरेला पिस्तूल लावून हिंडायचे! काँग्रेसच्या १८८७च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य मानले. पुढे १९३१च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग स्वातंत्र्यानंतर हा हक्क आपल्या संविधानात का आला नाही? ही कथा फार थोड्यांना ठाऊक आहे. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. कामत म्हणजे आय.सी.एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला माणूस. त्यांच्या देशभक्तीविषयी कोण शंका घेणार? उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते याच परळमध्ये बी.आय.टी. चाळीत कित्येक वर्षे राहिले. दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. चाळीतले जीवन, गर्दी आणि भांडणे त्यांनी पुस्तकांत वाचलेली नव्हती, भोगलेली होती.

बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे होते. कराचीच्या ठरावाची पार्श्वभूमी परकीय सत्तेची होती. आता राज्य आपले आहे. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार चालवणे अशक्य होईल. आणि पुढे त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण आग्रह धरायचा तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा. युद्ध आले, बंडाळी झाली, राज्याची सुरक्षा धोक्यात आली, तर राज्याने हाक द्यावी आणि नागरिकाने शस्त्र हाती घ्यावे. दुरुस्ती नामंजूर झाली. आपल्या संविधानात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र, हे शब्द त्याला जोडलेले आहेत.

हक्काने घेतलेले शस्त्र माझ्या मर्जीवर चालते, तर कर्तव्य म्हणून घेतलेल्या शस्त्रामागे प्रशिक्षण असते, आज्ञा असते आणि प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. मित्रहो, आजच्या विषयाचे सार या एका भेदात आहे. आता मुंबईचा अनुभव काय सांगतो ते पाहू.

जानेवारी १९९३ची ती रात्र

१९९३च्या जानेवारीत मी तेवीस वर्षांचा होतो, वृत्तपत्रात नुकताच उमेदवारी करू लागलो होतो. दंगलीच्या त्या दिवसांत लालबागला मामांकडे अडकून पडलो. चाळीत रात्रीचा पहारा असे. हातात काठ्या, हॉकी स्टिक, कोणाकडे जुनी लोखंडी कांब. त्या रात्री बातमी आली की हत्यारबंद माणसांनी भरलेला टेम्पो येत आहे. कुठून आली, कोणी आणली, कोणी विचारले नाही. पहाटे तीनच्या सुमारास खरोखरच एक गाडी वळणावर आली. ओरडा झाला, दगड सुटले, पुढची काच फुटली. गाडी थांबली आणि आतून दोन्ही हात वर करून एक म्हातारा ड्रायव्हर उतरला. ती दुधाची गाडी होती. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते आणि तो एवढेच म्हणत होता, "अहो, दूध आहे, दूध."

मामींनी त्याची जखम धुतली. त्याला चहा दिला. त्या रात्री जो सर्वांत पुढे होता, जो सर्वांत मोठ्याने ओरडत होता, तो मी होतो. आज इतक्या वर्षांनी कबूल करतो, माझ्या हाती पिस्तूल असते तर मी ते झाडले असते, आणि त्यालाच आत्मरक्षण म्हटले असते.

त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाबद्दल मतमतांतरे आहेत. पण त्यातला एक तक्ता मी अनेकदा वाचला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून ९०० माणसे मेली. त्यांपैकी ३५६ पोलीस गोळीबारात, ३४७ भोसकून, ९१ जाळपोळीत, ८० जमावाच्या हल्ल्यात. आणि खासगी गोळीबारात किती? २२. चाकू हातात असलेली माणसे हजारांनी होती, बंदूक हातात असलेली थोडी. चाकूला जवळ जावे लागते, समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते, आणि तेवढ्यात कोणी हात धरू शकतो. गोळीला यांपैकी कशाचीच गरज नसते. त्या काळात मुंबईच्या दर दहा घरांत एक पिस्तूल असते तर या २२चे किती झाले असते, याची कल्पना करून पाहा. आणि ती पिस्तुले केवळ आपल्याच घरांत असती, असे कृपया समजू नका.

याच दिवसांत एका सुप्रसिद्ध नटाने घरात ए. के. ५६ रायफल ठेवली. संजय दत्तचे ते प्रकरण आपण सर्व जाणता. कुटुंबाच्या जिवाला धोका होता म्हणून ती ठेवली, असे त्याचे म्हणणे होते. वस्तुतः परवान्याची तीन हत्यारे त्याच्या घरी आधीपासून होती. भीतीला तीन पुरली नाहीत, चौथे लागले. आणि ते आले कोठून? मुंबईवर स्फोटांचा घाला घालणाऱ्यांच्या साठ्यातून. १२ मार्च १९९३ रोजी प्लाझाजवळ, सेनाभवनाजवळच्या पेट्रोल पंपाशी, वरळीला, शेअर बाजारात स्फोट झाले आणि शहरात एकूण २५७ बळी गेले. आत्मरक्षणाच्या त्या कारणामुळे तो दोषातून सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली शस्त्र कायद्याखालील दोष कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. भीतीपोटी शस्त्र शोधणारा माणूस शेवटी कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, हे यातून दिसले.

घरातली बंदूक

"पण काका, माझे पिस्तूल तर परवान्याचे असेल," असे तो तरुण म्हणाला. बरोबर आहे. परवाना सहज मिळत नाही. मुंबईत तो देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. वय एकवीस पूर्ण हवे, पोलीस पडताळणी हवी, वैद्यकीय दाखला आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. हे सारे योग्यच आहे. पण परवाना माणसाचा भूतकाळ तपासतो. त्याला उद्याचा राग तपासता येत नाही.

२२ एप्रिल २००६ची सकाळ या सभागृहात कोण विसरेल? वरळीच्या 'पूर्णा' इमारतीत प्रमोद महाजन सकाळचे वर्तमानपत्र वाचण्याच्या वेळी घरात होते. धाकटे बंधू प्रवीण आले, बोलणे वाढले आणि त्यांनी आपल्या परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. तीन गोळ्या लागल्या. बारा दिवस देशाचे लक्ष हिंदुजा रुग्णालयाकडे लागले होते. ३ मे रोजी प्रमोदजी गेले. एवढा मोठा नेता, ज्याच्या सुरक्षेची सारी व्यवस्था होऊ शकत होती, तो कोणा शत्रूच्या हातून गेला नाही. सख्ख्या भावाच्या हातून, स्वतःच्या घरात, कायदेशीर शस्त्राने गेला. भावाभावांत भांडण कोणत्या घरात होत नाही? दार आपटून निघून जाणे, वर्षभर न बोलणे, यावर बहुतेक भांडणे संपतात आणि कधीतरी एखाद्या लग्नात पुन्हा जुळतात. पिस्तूल मधे आले की जुळण्याची संधीच उरत नाही.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाचे होते. त्यालाही परवाना होता. म्हणजे रक्षणासाठी घेतलेले हत्यार ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हाती राहील, याचीही खात्री देता येत नाही.

माझ्या एका गिरगावकर बालमित्राची गोष्ट सांगतो. सोन्याचांदीच्या व्यवहारात होता, धमक्या आल्या होत्या, म्हणून त्याने रिव्हॉल्व्हर घेतले. कारण खरे होते, परवानाही रीतसर होता. एका रात्री दोनच्या सुमारास मागच्या दाराशी आवाज झाला. हा उशाचे रिव्हॉल्व्हर घेऊन अंधारात उभा राहिला. दाराची कडी कोणीतरी आतून सरकवल्यासारखी वाजली. याने नेम धरला. तेवढ्यात सवयीचा खोकला ऐकू आला. तो त्याचा एकुलता मुलगा होता. वडील रागावतील म्हणून मागच्या दाराने येत होता. मित्र मला म्हणाला, "अरे, त्या खोकल्याने मला वाचवले." त्याला वाचवले, असे म्हणाला नाही, मला वाचवले म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने हत्यार जमा केले आणि पुन्हा परत आणले नाही. दुकानाला मजबूत शटर आणि रात्रीचा पहारेकरी ठेवला.

नेम आधी कोणाचा?

बंदूक असली की निदान हल्लेखोराला उत्तर देता येईल, अशी एक समजूत असते. चित्रपटांत ते घडतेही. प्रत्यक्षात दिवस, वेळ आणि जागा हल्लेखोर ठरवतो. १९९४च्या ऑगस्टमध्ये रामदास नायक यांची वांद्र्यात भर रस्त्यात हत्या झाली तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हाही पोलीस अंगरक्षक होता. प्रशिक्षित शस्त्रधारी सोबत असताना जे टळले नाही, ते वर्षातून एकदा पिस्तूल पुसणाऱ्या आपल्यासारख्याला टाळता येईल का?

भगिनींच्या सुरक्षेचा मुद्दाही पुढे येतो. २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. आमच्या घरी काम करणाऱ्या ताई पहाटेच्या लोकलने येतात, त्यांना ते परवडेल का? ज्या मुलीला परवडेल, तिला परळ स्थानकाच्या पुलावरच्या गर्दीत ते पर्समधून काढता येईल का, आणि काढले तर गोळी कोणाला लागेल? स्त्रीच्या सुरक्षेचा प्रश्न पुलावरच्या दिव्याचा, डब्यातल्या पोलिसाचा, तक्रार लगेच नोंदवून घेणाऱ्या ठाण्याचा आणि बघ्याची भूमिका न घेणाऱ्या समाजाचा आहे.

गुन्हेगारांकडे बेकायदा हत्यारे आहेतच, मग सज्जनांनीच का निःशस्त्र राहायचे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यांपैकी नोंदणीकृत एक कोटीहून कमी. म्हणजे खरे संकट बेकायदा कट्ट्याचे आहे. आपल्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी नावाचे गाव आहे. तेथे बनणारी गावठी पिस्तुले महाराष्ट्रात कशी येतात, याच्या बातम्या मी स्वतः अनेकदा संपादित केल्या आहेत. पण त्यावर उपाय त्या वाटा बंद करणे हा आहे. गावात विंचू झाले म्हणून प्रत्येकाने घरात एकेक विंचू पाळावा, असे कोणी सांगत नाही.

अमेरिकेतून येणारा फोन

आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे अमेरिकेत आहेत. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून संविधानात आहे. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले. त्याच सर्वेक्षणानुसार तेथे नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत. माणसांपेक्षा बंदुका जास्त! बंदुकीने सुरक्षा येत असती तर अमेरिका जगातला सर्वांत सुरक्षित देश ठरला असता. प्रत्यक्षात २०२२ साली तेथे बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हा आकडा ऐकून थांबावेसे वाटते. घरात बंदूक असली की तिचा पहिला धोका चोराला नसतो, घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाला असतो.

२००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनी होती. २०१२ साली सँडी हुकच्या शाळेत वीस चिमुकली मुले गेली, २०२२ साली युवाल्डीत एकोणीस. माझ्या भाचीची मुलगी तेथे तिसरीत आहे. फोनवर मला मोठ्या कौतुकाने सांगत होती, "आजोबा, आज आम्ही शाळेत दिवा बंद करून कोपऱ्यात गप्प बसायची प्रॅक्टिस केली. माझा आवाज अजिबात आला नाही." आपल्या शाळांत मुले कवायत शिकतात, पाढे शिकतात. गोळी लागू नये म्हणून श्वास कसा रोखायचा, हे तिसरीतल्या मुलीला शिकवावे लागते त्या समाजाला शूर म्हणायचे का, याचा विचार आपणच करावा.

त्या रात्री मुंबईला कोणी वाचवले?

आता पुन्हा २६ नोव्हेंबरच्या त्या रात्रीकडे येऊ. डिसूझांची वेदना मी आरंभी सांगितली. पण धुराने आणि किंकाळ्यांनी भरलेल्या त्या स्थानकात दहा प्रवाशांनी पिस्तुले काढली असती तर काय झाले असते? कोण अतिरेकी आणि कोण प्रवासी, हे पोलिसाला कसे कळले असते? त्या स्थानकात प्राण वाचवले ते विष्णू झेंडे या उद्घोषकाने. आपल्या खोलीत बसून तो ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्यास सांगत राहिला. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर महिलांना सुरक्षित जागी हलवले, दारे बंद केली, दिवे मालवले. दोघांच्याही हाती शस्त्र नव्हते. दोघांनीही आपली जागा सोडली नाही.

आणि गिरगाव चौपाटी. मध्यरात्रीनंतर नाकाबंदीवर ती स्कोडा गाडी अडवली गेली. सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे हाती केवळ लाठी घेऊन पुढे झाले आणि कसाबच्या रायफलची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. सर्व गोळ्या स्वतःच्या देहात घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्याच वेळी सोबतच्या अधिकाऱ्यांच्या पिस्तुलांनी दुसऱ्या अतिरेक्याला टिपले. कसाब जिवंत सापडला म्हणून पाकिस्तानचे कारस्थान जगासमोर उघडे पडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. तेथे शस्त्र होते, पण ते पथकाच्या हाती होते. नाकाबंदी होती, आज्ञा होती, प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते. बाबासाहेबांनी म्हटलेले कर्तव्याचे शस्त्र ते हेच.

अर्थात, त्या रात्री यंत्रणेच्या उणिवाही उघड्या पडल्या. राम प्रधान समितीने पोलिसांची शस्त्रे, दारूगोळा आणि नेमबाजीच्या सरावातल्या त्रुटींवर बोट ठेवले. म्हणजे डिसूझांनी पाहिलेल्या दृश्याचा खरा अर्थ असा की, ज्यांच्या हाती शस्त्र होते त्यांना ते वापरण्याची तयारी दिलेली नव्हती. त्यावर उपाय म्हणून प्रवाशांना पिस्तूल द्यायचे, की पोलिसांना सराव द्यायचा?

नागरिकांनी शस्त्र कधीच घेऊ नये, असेही माझे म्हणणे नाही. जम्मूच्या डोंगराळ भागात १९९५ पासून ग्रामरक्षा समित्या उभ्या राहिल्या, गावकऱ्यांना .३०३ रायफली दिल्या गेल्या आणि दहशतवादाच्या छायेत त्यांनी आपली गावे राखली. कोडगूच्या कोडवांना परवान्यातून सूट आहे आणि ते बंदुकीची पूजा करतात. पण जम्मूत पोलिसांची देखरेख आहे, कोडगूत कुळाची परंपरा आणि सैनिकी शिस्त आहे. त्यांच्या हातातली रायफल एकट्या माणसाच्या भीतीतून आलेली नाही.

मग आपण काय करायचे?

मुंबईने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आपणच ते विसरलो. होमगार्ड ही संघटना याच मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी उभी राहिली. दंगली पेटल्या होत्या, पोलीस अपुरे होते, तेव्हा नोकरीधंदा सांभाळणाऱ्या सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन पोलिसांच्या मदतीला उभे करावे, ही ती कल्पना. आज किती सुशिक्षित घरांतली मुले तिकडे वळतात? परवान्याच्या अर्जासाठी खेपा घालायला वेळ आहे, पण आठवड्यातले दोन तास गणवेशात उभे राहायला नाही, हे आपल्याला शोभते का?

ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्यांना परवाना विनाविलंब आणि विनावशिला मिळाला पाहिजे, हा आग्रह आपण जरूर धरावा. ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांनी ते कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळी ठेवावीत, आणि घरात मद्य, वाद किंवा कोणाचे खचलेले मन असेल तर तत्काळ जमा करावे. आपल्या पोलीस ठाण्यातल्या शिपायाला वर्षातून किती वेळा नेमबाजीचा सराव मिळतो, हे लोकप्रतिनिधींना विचारावे. आणि तरुणांनी काठी शिकावी, प्रथमोपचार शिकावेत, गर्दी आवरायला शिकावे, आणि अफवा ऐकल्यावर आधी चौकशी करायला शिकावे. हे शेवटचे मी शिकलो ते एका दूधवाल्याच्या रक्ताच्या किमतीवर.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले की, अर्ज करायचा तर कर, तो तुझा अधिकार आहे. पण त्याआधी एकदा चौपाटीवर ओंबळ्यांच्या स्मारकापाशी जाऊन ये. तिथे उभा राहून स्वतःला विचार, मला शस्त्र माझ्या भीतीसाठी हवे आहे की दुसऱ्याच्या रक्षणासाठी? तो जाऊन आला. परवा त्याचा फोन आला. पिस्तुलाचे काय ठरवले, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. होमगार्डच्या भरतीची चौकशी कुठे करायची, एवढेच त्याने विचारले.